नळदुर्गचा बांध आणि न मोजलेला भार

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गला, बोरी नदीवर जो दगडी बांध उभा आहे तो महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे माहीत आहे. एक, त्याच्या पोटात कोरल्यासारखा बांधलेला पाणी महाल. आणि दुसरी, पावसाळ्यात त्याच्या दोन सांडव्यांवरून कोसळणारे नर आणि मादी हे धबधबे. मुख्य किल्ला आणि नदीपलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना सांधणारे हे काम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीतले, १६१३ सालचे. मीर महंमद इमादीन या स्थपतीचे नाव त्याच्याशी जोडले जाते. बांधाच्या माथ्यावरून चालत रणमंडळात जाता येते, पायऱ्या उतरून महालात बसता येते आणि डोक्यावरून, बाजूने पाणी वाहत असताना आतले दालन वापरण्याजोगे राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या दख्खनी जलशास्त्राचे कौतुक करायला एवढे पुरेसे आहे, आणि ते कौतुक भरपूर झालेही आहे.

या लेखाचा विषय त्या कौतुकातून निसटलेली एक साधी गोष्ट आहे. नर आणि मादी वाहतात याचा अर्थ जलाशय सांडव्याच्या पातळीपर्यंत भरून वर आणखी पाणी चढले आहे. म्हणजे बांधावरचा आडवा रेटा त्या वर्षातल्या कमाल पातळीला पोचलेला असतो, पायथ्याशी पाण्याचा मारा सर्वाधिक असतो आणि बांधाच्या अंगातला पाझरही सर्वाधिक असतो. नेमक्या त्याच दिवशी बांधाच्या माथ्यावर, पोटात आणि पायथ्याशी माणसांची संख्याही वर्षातली सर्वाधिक असते, कारण माणसे पाहायला येतात ते हेच दृश्य. भार आणि गर्दी यांची शिखरे एकमेकांवर पडण्याची ही रचना अपघाताने घडलेली नाही. आपण या वास्तूचा जो उपयोग ठरवला आहे, त्यातच ती अंतर्भूत आहे. अशा वास्तूची सुरक्षितता ‘इतकी वर्षे टिकली आहे’ या एका विधानावर सोडणे कितपत योग्य, एवढाच प्रश्न मला विचारायचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना बांध टिकला कसा, हे आधी पाहावे लागते.

नळदुर्गचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सीमाभागातला. बोरीचे पाणी अडवून किल्ल्याच्या अंगाशी ते उभे करायचे, त्यातून पिण्याचे पाणी साठवायचे आणि शत्रूला ओलांडायला अवघड असा पाणपट्टाही मिळवायचा, असा या बांधाचा दुहेरी हेतू दिसतो. पाण्यावर आधारलेल्या संरक्षणाची एक अंगभूत दुर्बलता असते : ज्याच्या हाती बांध, त्याच्या हाती पाणी. पलीकडच्या टेकडीवर शत्रू चढला तर बांधाचे एक टोक त्याच्या ताब्यात गेले. रणमंडळाची तटबंदी याच दुर्बलतेचे उत्तर असावी, असे त्या जागेची मांडणी पाहून म्हणता येते. याचा एक परिणाम लष्करी इतिहासात सहसा नोंदला जात नाही. बांधाच्या दोन्ही टोकांना सतत पहारा होता; पहारा होता म्हणजे रोज पाहणारे डोळे होते; आणि सांध्यातला चुना गळाला, दगड हलला, पाझराची जागा बदलली, तर ते लक्षात येऊन दुरुस्त होण्यात किल्लेदाराचा प्रत्यक्ष स्वार्थ होता. वास्तूचा उपयोग, तिच्यावरची नजर आणि तिची दुरुस्ती ही साखळी होती. दगड-चुन्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, बांध या साखळीने टिकवला, असे माझे मत आहे.

ही साखळी एका दिवसात तुटली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस विजापूरची सत्ता बुडाली, पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा काही वर्षे इंग्रजांच्या कारभारात आला आणि कर्नल मेडोज टेलर यांनी तिथून त्याचा कारभार पाहिला. १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला हलले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग घेतले तेव्हा त्याला हवा होता तो बोरीवरचा रस्त्याचा पूल, तोही शाबूत. लष्करी मोल किल्ल्याच्या पाण्याकडून महामार्गाच्या पुलाकडे सरकले होते, हे त्या एका घटनेतून स्वच्छ दिसते. बांध मात्र पूर्वीइतकेच पाणी अडवत राहिला. तटाचा उपयोग संपला तर तट नुसता उभा राहतो, त्याच्यावर नवा भार येत नाही. बांधाचे तसे नसते : उपयोग संपल्यावरही नदी त्याला दर पावसाळ्यात पूर्ण भाराने तपासते. जलवास्तू निवृत्त होत नाहीत. स्मारक म्हणून त्यांचा विचार करताना हा फरक धरून ठेवला नाही, तर पुढचे सगळे नियोजन चुकीच्या गृहीतावर उभे राहते.

आता भाराबद्दल. नळदुर्गच्या बांधाच्या उंचीचे प्रचलित वर्णनांत दोन आकडे फिरतात : काही ठिकाणी १९ मीटर, काही ठिकाणी ९० फूट, म्हणजे सुमारे २७ मीटर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण उंची पाण्याच्या पातळीपासून मोजली, नदीच्या तळापासून मोजली की पायापासून, यावर आकडा बदलतो. पण एखाद्या बांधाच्या स्थैर्याचा विचार करायचा तर पहिली आवश्यक राशी हीच, आणि तीच सार्वजनिक चर्चेत एकमुखी नाही. उदाहरणापुरते लहान आकड्याने मोजू. पाण्याची खोली १९ मीटर धरली, तर बांधाच्या दर मीटर लांबीवर पाण्याचा आडवा रेटा सुमारे १८० टन होतो, कारण हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सांडव्यावरून पाण्याचा एक मीटर जाडीचा थर वाहू लागला, तर तो रेटा सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. पण बांधाला उलथवू पाहणारा आघूर्ण सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, कारण वाढीव दाबाचा परिणाम सबंध उंचीवर सारखा पडतो आणि त्याचे केंद्र वर सरकते. पाहणाऱ्याला जे ‘थोडे जास्त पाणी’ वाटते, ते बांधाच्या दृष्टीने प्रमाणाबाहेर जास्त असते. शिवाय जलाशयात शतकानुशतके साचलेला गाळ आहे. गाळाचा रेटा पाण्याच्या रेट्यात मिळतो, आणि गाळ किती चढला आहे हे मोजल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही.

या रेट्याला तोंड देते ते बांधाचे वजन. असे दगडी बांध स्वतःच्या वजनावर उभे असतात. म्हणून ते वजन प्रत्यक्षात किती कामी येते, हा कळीचा मुद्दा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या अभियंत्यांनाही एक गोष्ट पुरेशी उमगली नव्हती : बांधाच्या अंगात आणि पायाखाली झिरपलेले पाणी वरच्या दिशेने दाब देते, आणि तेवढ्या प्रमाणात बांधाचे वजन हलके होते. फ्रान्समधले बूझे हे दगडी धरण १८८४ मध्ये किंचित सरकले, दुरुस्त झाले आणि २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले. ऐंशीहून अधिक माणसे गेली. या ऊर्ध्वदाबाचे महत्त्व त्यानंतर रचनाशास्त्रात रुजले. नळदुर्गच्या स्थपतीकडे हे सूत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्याकडे अनुभव होता, आणि अनुभवाने त्याने भरपूर जाडी दिली. पण ऊर्ध्वदाब ही स्थिर राशी नाही. दख्खनच्या अशा बांधकामात सामान्यतः दोन बाजूंना घडीव दगडाचे दर्शनी थर आणि मध्ये दगडगोट्यांची चुन्यातली भरणी असते. भरणीतला चुना पाण्याने हळूहळू विरघळून वाहून गेला की पोकळ्या जुळत जातात, पाझर वाढतो, पाझराबरोबर अंतर्गत दाब वाढतो, आणि बाहेरून काहीही न बदलता बांध आतून हलका होत जातो. दर्शनी थराचे दगड जागच्या जागी असतात. छायाचित्रात फरक दिसत नाही.

इथे पाणी महालाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. आधुनिक दगडी आणि काँक्रीट धरणांच्या पोटात मुद्दाम निरीक्षण बोगदा ठेवतात. तिथे पाझर गोळा होतो, मोजला जातो, गढूळ झाला तर धोक्याची नोंद होते. पाणी महालाचा हेतू तो नव्हता. तो विलासाचा होता, उन्हाळ्यातल्या गारव्याचा होता. पण धरणाच्या अंगात शिरून भिंतीवरची ओल प्रत्यक्ष पाहता येईल अशी चारशे वर्षांपूर्वीची जागा आपल्याला आयती मिळाली आहे. त्या भिंतीवर ओल कुठे आहे, ती कुठवर सरकली, पांढरा क्षार कुठे फुटला आहे, म्हणजे कुठला चुना बाहेर येतो आहे, ही माहिती दर पावसाळ्यात भिंतीवर आपोआप लिहिली जाते. ती वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने टिपली जावी अशी व्यवस्था हवी. त्याच वेळी हेही लक्षात ठेवायला हवे की महाल ही बांधाच्या अंगातली एक पोकळी आहे. तिच्या आजूबाजूला ताण एकवटतात, आणि बांधाच्या कमकुवत होण्याची पहिली चिन्हे तिथे दिसण्याची शक्यता जितकी अधिक, तितकीच तिथे माणसे असण्याची जोखीमही अधिक.

बोरीचा स्वभावही १६१३ चा राहिलेला नाही. नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरीवर आता धरण आहे. त्यामुळे लहान आणि मध्यम पूर आधी तिथे जिरतात. अवर्षणाच्या वर्षांत खालच्या बांधापर्यंत फारसे पाणी पोचत नाही, आणि वरचे धरण भरून सांडले की त्यापुढचा प्रत्येक पाऊस जवळजवळ पूर्णपणे खाली येतो. सात-साडेसातशे मिलिमीटर पावसाच्या, आणि त्यातही विलक्षण अनियमित पावसाच्या या जिल्ह्यात याचा अर्थ असा की बांध लागोपाठ काही वर्षे कोरडा राहतो, नंतर एकाएकी पूर्ण भाराखाली येतो. कोरड्या वर्षांत सांध्यांत पिंपळ-वडाची रोपे मुळे धरतात, चुना आकसतो, भेगा मोकळ्या होतात. भरलेल्या वर्षात त्याच वाटांनी पाणी शिरते. याशिवाय वरचे धरण गाळ अडवून ठेवते, आणि गाळ गमावलेले निर्मळ पाणी नदीचा तळ अधिक खरवडते, हे जलशास्त्रात मान्य आहे. नर-मादीच्या पायथ्याशी पडणारे पाणी काळ्या पाषाणाच्या सांध्यांवर आदळते. हा पाषाण कठीण असला तरी अखंड नसतो. त्याच्या थरांमधले मऊ पट्टे आधी निघून जातात आणि वरचा कठीण थर आधाराविना लोंबतो. पायथ्याची ही खोदाई पाण्याखाली चालते. ती पाहायची तर पाणी ओसरल्यावर कुणीतरी उतरून मापे घ्यावी लागतात.

वर धरण आणि खाली जुना दगडी बांध, या मांडणीचा महाराष्ट्राचा अनुभव १२ जुलै १९६१ चा आहे. पानशेतचे बांधकामाधीन मातीचे धरण फुटले, त्याचे पाणी १८७९ मध्ये पुरे झालेल्या खडकवासल्याच्या दगडी धरणावरून वाहू लागले, आणि काही तासांत तेही फुटले. पुणे शहराचे त्यात काय झाले, ते सांगायला नको. बोरीचे वरचे धरण असुरक्षित आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्यापाशी कोणताही आधार नाही. मुद्दा एवढाच की खालच्या वास्तूवर येणारा भार आता केवळ आभाळावर ठरत नाही, वरच्या वास्तूच्या स्थितीवर आणि तिच्या व्यवस्थापनावरही ठरतो; म्हणून दोन्हींचा विचार दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायलींत करणे हीच मुळात जोखीम आहे. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांत झालेली अतिवृष्टी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्याकडे आलेले पूर पाहता, ‘इतका पाऊस इथे पडत नाही’ हे वाक्य या जिल्ह्यात यापुढे युक्तिवाद म्हणून वापरता येणार नाही.

उपयोग, नजर आणि दुरुस्ती यांची साखळी तुटण्याच्या बाबतीत कालव्यांचा प्रश्नही याच कुळातला आहे, जरी त्याचे प्रमाण वेगळे. तेरजवळचा तेरणा प्रकल्प किंवा माकणीचा निम्न तेरणा, यांच्यासारख्या प्रकल्पांच्या कालव्यांनी या भागात आपल्या कडेची एक वाटही निर्माण केली. ती मुळात निरीक्षणाची वाट. कालवा निरीक्षक, चौकीदार, पाटकरी यांनी भरावावरून चालत जावे, गळती हेरावी, यासाठी ती ठेवलेली असते. टंचाईच्या वर्षांत कालव्याला पाणी सुटत नाही. पदे रिकामी होतात, वाट उरते. तिच्यावरून शेतकऱ्यांच्या मोटारसायकली जातात, सकाळी फिरायला जाणारी माणसे जातात. पण पाहण्याचे काम ज्याचे होते तो त्या वाटेवर नसतो. काळ्या मातीचा भराव कोरडा पडला की आकसून खोल भेगाळतो, घुशी-खेकडे त्यात बिळे करतात, बाभळीची मुळे शिरतात. लागोपाठ कोरड्या वर्षांनंतर पहिल्यांदा पाणी सुटते तो दिवस कालव्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा, कारण पाणी या तयार वाटांनी शिरते आणि आतून माती वाहून नेत नळी मोठी करत जाते. भराव वरून शाबूत दिसत असताना फुटतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरले, तेव्हा उंदीर-घुशी-खेकड्यांचा उल्लेख झाला आणि त्याची बरीच चेष्टाही झाली. चेष्टा अस्थानी होती. बिळांमुळे भराव फुटतात हे खरेच आहे. विचारायचा प्रश्न होता तो बिळे पाहणारा माणूस कुठे गेला, हा. बंद पडलेल्या कालव्यांच्या कडेने फिरण्याच्या वाटा करण्याच्या कल्पना आता जागोजागी मांडल्या जातात. त्यांना माझा विरोध नाही. पण ज्या भरावावरून वाट जाते, त्यातून पुन्हा कधीही पाणी सुटणार नाही, की सुटणार आहे, याचा निर्णय वाटेच्या आधी व्हायला हवा. कालवा औपचारिकपणे बंद केला असेल तर त्याचा मुखदरवाजा कायमचा बुजवावा; चालू असेल तर निरीक्षक परत आणावा.

नळदुर्गकडे परत येताना भूकंपाचा विचार टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला केंद्र असलेल्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मारली. किल्लारी ते नळदुर्ग हे सरळ अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. त्या भूकंपाने बांधकामशास्त्राला जो धडा दिला तो जाड दगडी भिंतींबद्दलचा होता : दोन बाजूंचे दर्शनी थर आणि मधली सैल भरणी यांना आरपार जोडणारे दगड नसतील, तर हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि बाहेर कोसळतात, भिंतीची जाडी उपयोगी पडत नाही, उलट तिचे वजन घातक ठरते. घराची मातीतली भिंत आणि धरणाचा चुन्यातला बांध एकच नव्हेत, चुन्याची पकड मातीपेक्षा कितीतरी अधिक असते आणि बांध त्या भूकंपानंतरही उभा आहे, हे मान्य करूनच बोलायला हवे. पण ‘उभा आहे’ आणि ‘काही झाले नाही’ यांत फरक आहे. आतल्या थरांची पकड किती सुटली, हे बाहेरून कळत नाही. आणि मराठवाड्याला १९९३ पूर्वी स्थिर भूभाग समजले जात होते, याची आठवण ठेवणे इष्ट.

मग हे सगळे पाहायचे कुणी? इथे कायद्यातली एक फट दिसते. नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे. ते पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या कक्षेत येते आणि त्याला १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. त्या कायद्याची दृष्टी मूळ रूप जपण्याची आहे. भार, पूर, पाझर या त्याच्या संज्ञा नाहीत. दुसरीकडे ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आलेला धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ धरणाची व्याख्या करताना बंधारे आणि तत्सम पाणी अडवणाऱ्या वास्तूही तिच्यात घेतो आणि पंधरा मीटरहून अधिक उंचीची धरणे निर्दिष्ट धरणे ठरवतो. अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आणीबाणीचा कृती आराखडा, जबाबदार मालक, हे सगळे त्यात बंधनकारक आहे. प्रचलित दोन्ही आकडे, १९ मीटर आणि ९० फूट, या मर्यादेच्या वर जातात. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर नळदुर्गचा बांध या अधिनियमाच्या कक्षेत येतो, असे मला वाटते. निदान तो येत नाही हे कुणीतरी कारणांसह लिहून द्यायला हवे. धरणांच्या सुरक्षिततेचे काम करणारी राज्याची जुनी संघटना नाशिकला आहे, तिथे हे ज्ञान आहे. पण धरण पाहणाऱ्याला हे स्मारक वाटते, स्मारक पाहणाऱ्याला धरण समजत नाही, आणि नदी दोघांची वाट पाहत नाही.

गेल्या दशकात राज्याच्या स्मारक संगोपन योजनेतून नळदुर्गच्या देखभालीत खाजगी सहभाग आला. किल्ल्यातल्या वाटा, स्वच्छता, बगिचे यांत त्यामुळे जो बदल झाला तो स्वागतार्ह आहे. परंतु अशा कोणत्याही व्यवस्थेची, ती कुणाच्याही हाती असो, आर्थिक घडी येणाऱ्यांच्या संख्येवर बसते, आणि नळदुर्गला ती संख्या सांडवे वाहताना वाढते. म्हणजे प्रवेश थांबवण्याचे कारण ज्या दिवशी सर्वाधिक, त्याच दिवशी प्रवेश चालू ठेवण्याचे प्रोत्साहनही सर्वाधिक. यात कुणाची दुष्टबुद्धी मानण्याची गरज नाही. प्रोत्साहनांची रचनाच तशी आहे, आणि म्हणून थांबवण्याचा निर्णय त्या रचनेच्या बाहेरच्या व्यक्तीकडे असायला हवा. १५ जून २०२५, रविवार : मावळातल्या कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण मृत्युमुखी पडले. तिथे पूल धोकादायक असल्याचे माहीत होते. पण वाढलेली नदी पाहायला सर्वांत चांगली जागा तोच पूल होता. तिवऱ्याचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, त्याआधी गळतीच्या तक्रारी झाल्या होत्या. या दोन्ही ठिकाणी माहिती अस्तित्वात होती. ती थांबवण्याच्या अधिकारापर्यंत वेळेत पोचली नाही. नळदुर्गला माहिती गोळा करणारी घडीच आधी बसवावी लागेल, म्हणजे आपण तिथल्यापेक्षाही एक पायरी मागे आहोत.

काय करावे लागेल ते फार अवघड नाही. बांधाची एकदा पूर्ण मोजणी : पायापासून माथ्यापर्यंत, आणि जलाशयातल्या गाळाची पातळी. उन्हाळ्यात पायथ्याच्या डोहांची मापे. पाणी महालातल्या ओलीचा आणि क्षाराचा दरवर्षी त्याच जागांवरून घेतलेला आलेख. पाझर एकत्र करता येईल तिथे खाचेतून त्याची मोजणी. भेगांवर काचपट्ट्या, म्हणजे भेग हलली तर पट्टी तडकेल. सांध्यांतली झाडे मुळांसकट काढणे, आणि सांधे चुन्यानेच भरणे. सिमेंटने नाही, कारण सिमेंटचा कठीण, अपारगम्य थर पाझराची वाट बंद करून दाब आत कोंडतो आणि जुन्या चुन्याला आणखी कमकुवत करतो. हे शेवटचे मी आग्रहाने लिहितो, कारण घाईची दुरुस्ती नेहमी सिमेंटनेच होते. या मोजणीतून बांध उत्तम स्थितीत आहे असे निष्पन्न होण्याची शक्यता भरपूर आहे, आणि मला तसेच व्हावे असे वाटते. पण ती शक्यता आज कोणत्याही आकड्यावर उभी नाही.

मोजणीला वेळ आणि पैसा लागेल. तोवरचा एक उपाय मात्र आजच हाताशी आहे. सांडव्याशेजारी पातळीची पट्टी रंगवावी; पाणी सांडव्यावर ठरावीक उंचीपर्यंत चढले की पाणी महाल, बांधाचा माथा आणि धबधब्याचा पायथा बंद व्हावा, आणि नर-मादी किल्ल्याच्या तटावरून, सुरक्षित अंतरावरून, पाहता यावेत. वरच्या धरणाचा सांडवा सुरू झाल्याचा निरोप त्याच क्षणी किल्ल्यावर पोचावा. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेल्यावर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले होते. ते आदेश दुर्घटनेनंतर निघाले. धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने, तसाच आदेश नळदुर्गपुरता येत्या पावसाळ्याच्या आधी काढता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, आणि तो त्यांनी काढावा.